चर्चचे दार बंद, काम चालू

‘साथ आली आणि चर्चने दाराला कडी लावली,’ ही गेल्या अंकातील पत्रलेखकाची तक्रार एकच बाजू सांगते. गर्दी टाळण्यासाठी दार बंद ठेवणे भागच होते. खरी कसोटी दफनभूमीत लागली.

केरळातील अलप्पुझा धर्मप्रांताचे उदाहरण पाहा. कोविडने दगावलेल्यांसाठी तेव्हा खड्डा खोल लागे, आणि किनाऱ्यालगत थोडे खणले की पाणी लागते. अखेर जुलै 2020मध्ये चर्चच्या आवारातच दहन करून राख दफनभूमीत पुरायचे ठरले. रोमने दहनाला 1963मध्येच मुभा दिली होती. तरी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत बदलायची, तर बिशपांनीच पुढे व्हावे लागले. 1896च्या प्लेगानंतर मुंबईतल्या ख्रिस्ती वस्त्यांनी साकडे घालून क्रूस उभारले, त्यातून धीर मिळाला. अलप्पुझात धीराला व्यवहाराची जोड मिळाली.

मदत सर्वांपर्यंत पोहोचायला हवी, हा पत्रलेखकाचा आग्रह मात्र रास्त आहे. पण तो फक्त चर्चपुरताच का? आमच्या माधवगंजातल्या मंदिरांनी आणि मंडळांनीही साथीत घरोघरी डबा कोण पोचवणार, खांदा कोण देणार, हे आधीच ठरवून ठेवावे.

– एक वाचक, माधवगंज, लश्कर (ग्वाल्हेर)