रामदासच्या प्रवाशांची नावं

17 जुलै 1947, आषाढ अमावस्या. सकाळी आठच्या सुमारास 'रामदास' ही आगबोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. बोटीत सुमारे 700 माणसं होती. त्यांत गटारीला गावी निघालेले चाकरमानी होते, बाजार करून परतणाऱ्या बायका होत्या, मुलं होती. बंदर मागे पडलं तसा पावसावाऱ्याने जोर धरला. कोळी ज्याला काशाचा खडक म्हणतात, त्या गल बेटाजवळ लाटांच्या माऱ्याने बोट कलली. घाबरलेले प्रवासी एकदम एका बाजूला धावले आणि बोट उलटली. तिच्यावर बिनतारी संदेशाचं यंत्र नव्हतं. दुपार उलटेपर्यंत मुंबईला काही कळलंच नाही. 600 हून अधिक माणसं बुडाली.

त्यानंतर 29 दिवसांनी देश स्वतंत्र झाला. फाळणीच्या बातम्यांनी वर्तमानपत्रं भरून गेली आणि रामदास मागे पडली. मृतांचा आकडासुद्धा ठिकठिकाणी वेगळा छापलेला आढळतो. इतकी माणसं गेली आणि आपल्याला त्यांची धड मोजदादही ठेवता आली नाही, हे मला फार लागतं.

आठवण टिकली ती अलिबाग-उरणच्या घरांत, तोंडी. मासळी घेऊन मुंबईला निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी बुडणारी माणसं पाहिली आणि हातातोंडाशी आलेली मासळी समुद्रात ओतून होड्यांत जागा केली. त्यांनी सुमारे 75 जणांना वाचवलं. त्या दिवसाची ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे आणि ती शाळेच्या पुस्तकात असायला हवी. रेवसच्या लाँचमध्ये शेजारी बसलेल्या कॉलेजच्या मुलांशी मी हा विषय काढतो, तेव्हा बहुतेकांनी या बोटीचं नावही ऐकलेलं नसतं. लाँच मात्र त्याच पाण्यातून जात असते. त्या वेळी दहा वर्षांचं असलेलं पोर आज नव्वदीला टेकलं असेल. सांगणारी पिढी संपत आली आहे.

म्हणून स्मारकाच्या दगडाआधी यादी हवी. नाव, वय, गाव. तेव्हाची वर्तमानपत्रं, बंदराची आणि पोलिसांची दप्तरं, गावोगावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी आणि घराघरांतल्या आठवणी एकत्र ताडून पाहिल्या, तर बरीच नावं हाती लागतील. वाचवणाऱ्या कोळ्यांचीही नावं त्यात हवीत. मग ती यादी भाऊच्या धक्क्यावर आणि रेवसला, तिकीट काढताना नजर जाईल अशा जागी लावावी.

अशी आठवण जिवंत माणसांच्या उपयोगाची असते. रामदास ज्या कंपनीची होती, तिच्याच 'जयंती' आणि 'तुकाराम' या बोटी 11 नोव्हेंबर 1927 रोजी एकाच दिवशी बुडाल्या होत्या. वीस वर्षांनी पुन्हा तेच दुःख कोकणच्या वाट्याला आलं. 18 डिसेंबर 2024 रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल'वर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि 15 जीव गेले. त्यानंतर लाइफ जॅकेटची सक्ती झाली. अशी सक्ती दर अपघातानंतर होते आणि आठवण ओसरली की सैल पडते. 600 नावांच्या फलकासमोर उभ्या असलेल्या प्रवाशाला जॅकेट घाला असं दोनदा सांगावं लागणार नाही. क्षमतेपेक्षा जास्त माणसं चढवणाऱ्यालाही तिथे चारचौघांत जाब विचारता येईल.

सरकारने, बंदराच्या अधिकाऱ्यांनी हे काम हाती घ्यायलाच हवं. पण सुरुवात आपण करू शकतो. तुमच्या घरातलं, भावकीतलं कुणी त्या बोटीत असेल, तर घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाजवळ बसा, विचारा आणि नाव, वय, गाव लिहून काढा. एक प्रत ग्रामपंचायतीत द्या, एक गावच्या वाचनालयात.