"आपल्याला कशाला ते?"

वस्तीत आरोग्य तपासणीला गेलो की आम्ही आजकाल एक गोष्ट आवर्जून बघतो. दारात, खिडकीत, गॅलरीत काय लावलं आहे? नाशिकमध्ये दहा बाय बाराच्या खोलीतसुद्धा काहीतरी असतंच. तेलाच्या पत्र्याच्या डब्यात पुदिना, फुटक्या बादलीत कढीपत्ता, जुन्या घमेल्यात सदाफुली. विचारलं की घरातली बाई आधी संकोचते. "असंच लावलंय ताई, टाइमपास म्हणून." मग हळूहळू खुलते आणि त्या एका डब्याबद्दल पंधरा मिनिटं बोलते. स्वतःच्या चक्करेबद्दल, पायात येणाऱ्या गोळ्यांबद्दल ती एवढं कधीच बोलत नाही.

तो "टाइमपास" शब्द आम्हाला खटकतो. जी गोष्ट बाईला बोलतं करते, तिला टाइमपास का म्हणायचं?

आम्ही नर्सिंगचा डिप्लोमा करून अनेक वर्षं वॉर्डात काम केलं, मग चळवळीत आलो. दोन्हीकडे एक वाक्य आमच्या तोंडी कायम राहिलं : हिरव्या पालेभाज्या खा. गरज खरीच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. म्हणजे दोघींतली एक. पण हे वाक्य आम्ही औषधाच्या चिठ्ठीसारखं हातात द्यायचो आणि पुढच्या पेशंटकडे वळायचो.

एकदा एका बाईने आम्हाला थांबवलं. "ताई, तुमचं सगळं पाठ आहे. पण जुडी आणली तर ती पाच जणांत जाते. माझ्या ताटात कढईला लागलेलं उरतं." तिचं हिमोग्लोबिन ८.२ होतं. ती चार बंगल्यांवर धुणीभांडी करते. त्यातल्या दोन ठिकाणी झाडांना पाणी घालणंही तिच्याकडेच आहे. कोणत्या झाडाला किती पाणी, मावा पडला तर काय करायचं, हे सगळं तिला येतं. आम्ही विचारलं, मग तुमच्या गॅलरीत का नाही लावत? ती हसली आणि म्हणाली, "आपल्याला कशाला ते?"

आमच्या मते खरा आजार या तीन शब्दांत आहे. फुलं, हिरवळ, सकाळची निवांत दहा मिनिटं हे सगळं बंगल्यातल्या लोकांचं, आणि आपल्या वाट्याला फक्त त्याला पाणी घालणं. पिढ्यान्‌पिढ्या मनावर बसलेलं हे ओझं कुठल्याही रक्ततपासणीत दिसत नाही.

नंतर तिने पाच लिटरचे तेलाचे दोन कॅन आडवे कापले आणि स्वयंपाकघरातल्या डब्यातलीच मेथी पेरली. चौथ्या दिवशी कोंब आले तेव्हा तिने शेजारणीला बोलावून दाखवले. तीन-साडेतीन आठवड्यांनी मूठभर मेथी निघाली. ती भाजी कोणाच्या ताटात गेली, हे आम्ही मुद्दाम विचारलं. "पहिल्यांदा माझ्या," ती म्हणाली.

इथे हिशेब स्वच्छ ठेवू. मूठभर मेथीने रक्तक्षय बरा होत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागतं. मूठभर मेथीतून फार तर दोन-तीन मिलिग्रॅम मिळेल आणि त्यातलंही थोडंच अंगी लागेल. कोणी कुंडीतल्या भाजीला औषध म्हणून विकत असेल तर विश्वास ठेवू नका. रक्तक्षयाला लोहाच्या गोळ्याच लागतात, त्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. गोळीनंतर लिंबूपाणी घ्यावं आणि चहा तासभर तरी लांब ठेवावा, कारण चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही.

पण त्या बाईच्या घरी गोळ्यांची पाकिटं आधीही होती. ती कपाटावर पडून असायची. आता तिने पाकीट गॅलरीच्या खिळ्याला, झाडांशेजारी अडकवलं. रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर कॅनला पाणी आणि स्वतःला गोळी. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १०.६ झालं. श्रेय गोळ्यांचं आहे. पण गोळीपर्यंत तिचा हात कशामुळे गेला, तेही बघायला हवं. ज्या बाईला दिवसात एक गोष्ट स्वतःसाठी करावीशी वाटू लागते, ती दुसरीही करते.

आमच्याच काही कार्यकर्त्या मित्रांना हे पटत नाही. "जमिनीचा प्रश्न सोडून कुंड्यांच्या गप्पा कसल्या मारता?" असं एका बैठकीत आम्हाला सुनावण्यात आलं. प्रश्न रास्त आहे. आपण नाशिककर आहोत. भूमिहीनांचा लढा उभारणारे कर्मवीर दादासाहेब गायकवाड याच जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यातले. १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीन सत्याग्रहांत हजारो माणसं तुरुंगात गेली, त्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. त्या मागणीच्या जागी आम्ही डबाभर माती ठेवत नाही. वस्तीत बाग हवी, घरकुलाला उजेड-वारा हवा, नळाला रोज पाणी हवं, यासाठी निवेदनं आणि मोर्चे चालूच राहतील. गॅलरीत चार डबे आहेत म्हणून कोणी आपल्याला बाग नाकारत असेल तर ते डबे घेऊनच मोर्चाला जाऊ.

पण मोठं मिळेपर्यंत लहान आनंदही नाकारायचा, हा कुठला न्याय? आनंद हा लढ्याच्या शेवटी मिळणारा बोनस नाही. रात्रपाळी करून आलेल्या नर्सला विचारा. आठ तास सलाईन आणि विव्हळणं ऐकून घरी आल्यावर, कोथिंबिरीच्या पानांवर पाणी शिंपडून तो वास घेतला की झोप लागते. त्यासाठी आम्हाला कोणाच्या परवानगीची गरज वाटत नाही.

शिवाय पात्रात झाड जगवणं आपल्या परंपरेला नवीन नाही. सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन सिंहलद्वीपाला गेली, तेव्हा ती फांदी सोन्याच्या पात्रात रुजवून नेल्याचं वर्णन महावंस या ग्रंथात आहे. अनुराधपुरात तो वृक्ष आजही उभा आहे. २४ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच वृक्षाची फांदी आपल्या त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याशी, बुद्ध स्मारकाच्या आवारात लावली गेली. आपलं पात्र तेलाच्या डब्याचं आहे, एवढाच फरक.

आता थोडं कामाचं. सुरुवात एका डब्यापासून करा. तळाला चार-पाच भोकं पाडा, नाहीतर मुळं कुजतात. औषध फवारणीचे किंवा रंगाचे डबे खायच्या झाडांना वापरू नका. निम्मी माती, निम्मं कुजलेलं शेणखत किंवा घरचं खत पुरतं. रोज तीन-चार तास ऊन येत असेल तर मेथी, कोथिंबीर, लाल माठ येतो. धणे पेरण्याआधी चुरडून दोन भाग करा आणि आठ-दहा दिवस धीर धरा. ऊन कमी असेल तर पुदिना लावा. बाजारच्या जुडीतल्या चार जाड काड्या पाण्यात ठेवल्या की मुळं फुटतात. मेथी-कोथिंबिरीला नाशिकची थंडी मानवते. एप्रिलच्या उन्हात त्या कोमेजतील, तेव्हा हात टेकू नका, कढीपत्ता आणि पुदिना सांभाळा. पाणी कमी असेल तर तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी घाला.

आणि नर्स म्हणून एक गोष्ट बजावून सांगतो. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून नवा डास बाहेर पडतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळ्या ताटल्या, बादल्या, पिंप रिकामे करून घासा. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत. दुसरं, कठड्यावर डबे ठेवू नका. खाली मुलं खेळत असतात. आतल्या बाजूला तारेने बांधा.

हे काम पुन्हा एकट्या बाईच्या अंगावर पडणार असेल तर मात्र करू नका. आम्ही याला तिचं नवं कर्तव्य म्हणत नाही. घरातल्या पुरुषाने माती आणावी, मुलांनी पाणी घालावं. सासूबाईंना सोबत घ्या, गावाकडच्या बांधावर काय काय उगवायचं ते त्यांना तुमच्यापेक्षा जास्त आठवतं. आणि बी उगवलंच नाही तर अपराधी वाटून घेऊ नका. आमचेही तीन डबे वाया गेले आहेत.

त्या बाईच्या गॅलरीत परवा गेलो होतो. कॅन आता पाच झाले आहेत. एकात गुलाबी सदाफुली आहे. आम्ही सहज विचारलं, ही कशासाठी, ही तर खाता येत नाही. ती म्हणाली, "ही मला बघायला."

तपासणीच्या वहीत आम्ही वजन, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन लिहिलं. हे वाक्य लिहायला रकाना नव्हता, म्हणून इथे लिहिलं.

जय भीम.