शब्दांचे माहेर : मतलई

खांडवा-भुसावळ लोहमार्गावरील आमच्या चांदनीस समुद्र नाही, गलबत नाही. तरीही गेल्या महिन्यात ‘मतलई’ या शब्दावरून येथे चांगलाच वाद रंगला. महाराष्ट्रातील आतेभावाचे भूगोलाचे पुस्तक चाळताना एका विद्यार्थ्यास ‘खारे वारे आणि मतलई वारे’ अशी जोडी आढळली. आमच्या हिंदी पुस्तकांत त्यांस ‘समुद्र समीर’ व ‘स्थल समीर’ म्हणतात. मुलाने तत्काळ निर्वाळा दिला, की हा वारा मुलताईहून येतो, म्हणून मतलई! तापीच्या खोऱ्यातील मुलास तिचे उगमस्थान आठवावे यात नवल ते काय? व्युत्पत्ती चुकली खरी. मौज अशी, की दिशा मात्र अचूक साधली. मुलताई आपल्या पूर्वेस आहे, आणि ‘मतलई’चा मूळ अर्थही ‘पूर्वेकडचा’ असाच आहे.

अरबीत ‘तलअ’ म्हणजे उगवणे व ‘मतला’ म्हणजे उगवण्याचे स्थान. अरब नावाडी दिशांची नावे ताऱ्यांवरून ठेवीत. तारा उगवतो ती बाजू मतला, मावळतो ती मगीब. कोकण किनाऱ्यावर पूर्वेस जमीन आणि पश्चिमेस सागर. रात्री जमीन पाण्यापेक्षा लवकर निवते. तिच्यावरील थंड, जड हवा समुद्राकडे वाहू लागते. पहाटेच्या या वाऱ्यावर शिडे सोडून कोळी बाहेर पडत आणि दुपारनंतरच्या खाऱ्या वाऱ्यावर घरी परतत. पूर्वेचा वारा तोच जमिनीवरचा वारा, असे समीकरण तेथे आपोआप जुळले. नाखवा फारशीतून आला, खलाशी आणि मोसम अरबीतून; त्यांच्याच सोबतीने मतलईही किनाऱ्यास लागला.

हे ऐकून एका सुविद्य पालकांनी आक्षेप घेतला. परप्रांतात मराठी टिकवायची, तर घरात असले परके शब्द हवेत कशाला? ‘भूवात’ म्हणावे! त्यांची तळमळ मला कळते. मुले घरीदेखील हिंदीत उत्तरे देऊ लागली, की आपल्या सर्वांच्याच जिवाची अशी घालमेल होते. परंतु उपाय रोगापेक्षा जड आहे. याच धातूपासून ‘तालि’ म्हणजे उदयास आलेला ग्रह, भाग्य. आणि त्यावरून आपला ‘तालेवार’. कोणत्या आजीने हा शब्द परका मानला? कचेरीतली ‘इत्तला’ त्याच कुळातली. बुऱ्हाणपूरच्या मुशायऱ्यात गझलेच्या पहिल्या शेरास ‘मतला’ म्हणतात, तोही हाच. कारण गझल तेथून उगवते. ज्या शहराच्या जामा मशिदीत सन १५९० च्या सुमारास अरबी लेखासोबत संस्कृत लेखही कोरला गेला, त्या परिसरात राहून आपण मतलईला दारातून परत धाडावे, हे मला तरी शोभणारे वाटत नाही. शिवाय ‘भूवात’ कोणत्या कोळ्याच्या तोंडी कधी बसला आहे? कोशात शब्द घालणे सोपे, तोंडात घालणे कठीण.

घरात जे शब्द खरोखर मावळत आहेत ते वेगळेच : उंबरा, फडताळ, माजघर, तिन्हीसांजा. त्यांची जागा अरबीने घेतलेली नाही. पालकांना मी एवढेच सुचविले, की मुलास ‘मतलई’ पुसून टाकावयास सांगण्याऐवजी हे चार शब्द त्याच्याशी रोज बोलावेत. ते हसले, मान्य केले असे मात्र म्हणवत नाही.

त्या विद्यार्थ्याने जाता जाता आणखी एक शंका विचारली : चेन्नईस समुद्र पूर्वेला आहे, मग तेथे मतलई वारा कोठून येतो? पाठ्यपुस्तकाच्या हिशेबाने जमिनीवरून, म्हणजे पश्चिमेकडून! शब्दाचा अर्थ पूर्वेचा आणि वारा पश्चिमेचा. कोकणात जन्मलेला हा शब्द पूर्वकिनाऱ्यावर गेला, की असा उलटा उभा राहतो. मुलाने ते वहीत लिहून घेतले आहे.