पाणी अडविले, हिशेब कोण ठेवणार?

पहिल्या पानावर अग्रलेख लिहिण्याचा प्रसंग सामान्यतः राजकीय उलथापालथीच्या वेळी येतो. आज तशी कोणतीही घटना आमच्या समोर नाही. परंतु काही संकटे वाजतगाजत येत नाहीत. विहिरीचे पाणी दरसाल हातभर खाली जाते, माथ्यावरची माती दर पावसाळ्यात ओढ्याला मिळते, आणि चार घरांची कर्ती माणसे दिवाळीनंतर गाव सोडून ऊसतोडीला निघतात. यांपैकी एकाही गोष्टीची बातमी होत नाही. म्हणूनच तिच्यावर पहिल्या पानावर लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

महाराष्ट्राने या बाबतीत काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. 1972 च्या दुष्काळातून रोजगार हमीची कल्पना याच राज्यात पुढे आली. 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि 1979 पासून तो अमलात आला. त्या योजनेतून पाझर तलाव, नालाबांध आणि समतल चर यांची कामे गावोगाव झाली. 1975 नंतर राळेगणसिद्धीचे नाव देशभर गेले. 2014 च्या अखेरीस ‘जलयुक्त शिवार’ची घोषणा झाली. 2016 ते 2019 या काळात ‘पाणी फाउंडेशन’च्या स्पर्धेनिमित्त हजारो गावकऱ्यांनी भर उन्हात हाती कुदळ घेतली. या श्रमांविषयी आमच्या मनात आदरच आहे.

तथापि 2020 मध्ये भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी ‘जलयुक्त शिवार’विषयी जो अहवाल दिला, तो विसरून चालणार नाही. 9,600 कोटी रुपयांहून अधिक खर्च होऊनही गावे पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण करण्यात आणि भूजलाची पातळी वाढविण्यात योजनेला फारसे यश आले नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यावर पक्षोपपक्षांत जे व्हावयाचे ते वाक्‌युद्ध झाले. योजना थांबली, सरकार बदलले आणि योजनेचा दुसरा टप्पाही सुरू झाला. या सगळ्या गदारोळात मूळ प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. एवढे पाणी अडविले, तर ते गेले कोठे?

आमच्या वाचकांना शाळेतील हौदाचे गणित आठवत असेल. एक नळ हौद भरतो, दुसरा रिकामा करतो. दोन्ही चालू असता हौद किती वेळात भरेल? शासनाने गेली पन्नास वर्षे या गणिताचा पहिलाच भाग सोडविला आहे. भरणाऱ्या नळावर कोट्यवधी रुपये खर्च झाले. रिकाम्या करणाऱ्या नळाला हात लावण्याचे धैर्य कोणी दाखविले नाही. बंधाऱ्याचे उद्घाटन करता येते, त्याच्याजवळ उभे राहून छायाचित्र काढता येते. ‘यंदा पाऊस कमी, ऊस लावू नका’ असे सांगण्याला उद्घाटन नसते. उलट त्यात मते गमावण्याचाच धोका असतो.

आपल्या भूमीची घडण लक्षात घेतली म्हणजे हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. राज्याच्या सुमारे चार पंचमांश भूभागाखाली काळा पाषाण आहे. गंगेच्या खोऱ्यातील गाळाच्या जमिनीप्रमाणे तो पाणी पोटात साठवीत नाही. वरच्या झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांत मावेल तेवढेच पाणी मुरते. ते मोजकेच असते, आणि शेताच्या बांधाने त्याची वाटणी होत नाही. माझ्या शेतात मुरलेले पाणी तुमच्या विहिरीत निघते. तुम्ही 400 फूट विंधण विहीर घेतली की माझी 40 फुटांची विहीर कोरडी पडते. मग मी कर्ज काढून 500 फूट खाली जातो. अशा या चढाओढीत जिंकतो तो बोअर खणणाऱ्या गाडीचा मालक, आणि अडविलेले पाणी प्रथम त्याच्या पदरात पडते ज्याच्यापाशी अधिक खोल जाण्याइतका पैसा आहे. सार्वजनिक खर्चाने झालेल्या जलसंधारणाचा लाभ असा खासगी होत जातो.

हे टाळता येते, याचे पुरावे आपल्याच राज्यात आहेत. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार हे पर्जन्यछायेतील गाव. 1990 च्या सुमारास पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली तेथे चर खोदले गेले, झाडे लागली, बांध झाले. ते इतरत्रही झाले आहे. हिवरे बाजारचे वेगळेपण पुढे आहे. शेतीसाठी विंधण विहीर घ्यावयाची नाही, ऊस आणि केळी लावावयाची नाहीत, आणि पाऊस सरला म्हणजे पाण्याचा ताळेबंद मांडून त्याप्रमाणे रब्बीची पिके ठरवावयाची, हे तेथे गावाने ठरविले आणि पाळलेही.

त्याच्याही आधी, 1972 च्या दुष्काळानंतर, विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगावी ‘पाणी पंचायत’ उभी केली. साळुंखे हे पुण्याचे अभियंते व उद्योजक. त्यांचा नियम साधा पण क्रांतिकारक होता. पाणी जमिनीच्या मापाने द्यावयाचे नाही, माणसांच्या मापाने द्यावयाचे. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला अधिकाधिक अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, ऊस वर्ज्य. या भूमिहीनाच्या वाट्याकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधतो. डोंगरावर चराईबंदी झाली की सर्वांत आधी शेळ्या विकाव्या लागतात त्या बिनजमिनीच्या कुटुंबाला. झाडे वाढतात, झरे फुटतात, विहिरी भरतात. पण विहीर ज्याची, पाणी त्याचे. ज्याच्या त्यागावर गावाचे पाणी वाढले त्याला त्या पाण्यात हक्क नसेल, तर तो बंदी किती वर्षे पाळील? येथे न्यायाचा प्रश्न आणि टिकाऊपणाचा प्रश्न एकच होऊन बसतो.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. अशी गावे असामान्य माणसांमुळे घडतात. प्रत्येक गावाला असा पुरुष कोठून आणावयाचा? आक्षेप वरवर बिनतोड वाटतो, पण इतिहास त्याला दुजोरा देत नाही. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवर शेकडो वर्षे फड पद्धती चालली. बंधाऱ्याखालची शेती फडांत विभागलेली, एका फडात एकच पीक, पाण्याची पाळी पाटकऱ्याच्या हाती, राखण जागल्याकडे. तेथे कोणी महापुरुष नव्हता. नियम होते, ते सर्वांना ठाऊक होते, आणि ते पाळले जातात की नाही हे पाहणारा माणूस गावाने नेमलेला होता.

उलट उदाहरण पूर्व विदर्भात मिळते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागातील मालगुजारी तलाव भातशेतीला पिढ्यान्‌पिढ्या पाणी देत आले. 1950-51 च्या सुमारास मालगुजारी गेली. सरंजामी जोखड गेले हे योग्यच झाले. पण तलाव सरकारचे झाले तेव्हा त्यांच्या देखभालीची गावातील व्यवस्थाही संपली. गाळ साठला, पाळी फुटल्या, पाटांवर अतिक्रमणे झाली. मालकी सरकारकडे गेली आणि आस्था कोणाकडेच राहिली नाही. आता काही तलावांत ढिवर समाजातील लोक, विशेषतः स्त्रिया, बेशरमाची झुडपे उपटून मूळच्या पाणवनस्पती लावीत आहेत आणि मासळी परत येत आहे. कारण त्या तलावावर ज्यांचे पोट आहे तेच पुन्हा त्याचे राखणदार झाले आहेत.

जंगलाचीही हीच कथा आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 पासून तेथील ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. आपले म्हटल्यावर ते राखलेच पाहिजे, हे त्या गावाला कोणी शिकविण्याची गरज पडली नाही.

यासाठी नवा कायदा करावयास हवा असेही नाही. महाराष्ट्राचा 2009 चा भूजल कायदा 1 जून 2014 पासून अमलात आहे. 60 मीटर वा त्याहून खोल विहिरींवर निर्बंध, पाणलोट क्षेत्राच्या समित्या, उपलब्ध पाण्यानुसार पिकांचे नियोजन, हे सर्व त्यात आहे. तरीही बोअरच्या गाड्या राजरोस फिरतात. कायदा मुंबईत असतो आणि बोअर शिवारात पडते. त्या दोहोंमध्ये उभी राहू शकेल अशी संस्था एकच, ती म्हणजे ग्रामसभा. आणि तिच्याच हाती अधिकार व पैसा देताना शासनाचा हात आखडतो.

‘हे खेड्यांचे प्रश्न, आम्हां शहरवासीयांना त्यांचे काय?’ असे कोणी विचारील, तर त्याने आपल्या घरातील नळाकडे पाहावे. मुंबईला पाणी देणारी भातसा आणि तानसा ही धरणे ज्या शहापूर तालुक्यात आहेत, त्याच तालुक्यातील कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. धरणाच्या वरच्या अंगाचा डोंगर उघडा पडला तर त्याची माती अखेर धरणातच येते, आणि प्रत्येक घनमीटर गाळ शहराच्या तेवढ्याच पाण्याची जागा घेतो. पाणलोट राखणारा शहराचीही सेवा करतो. शहर मात्र त्याला एक पैसा देत नाही.

तेव्हा आमची मागणी स्पष्ट आहे. जलसंधारणाचे कोणतेही काम मंजूर करताना त्याच्या देखभालीचा पैसा व जबाबदार संस्था आरंभीच ठरावी. पावसाळा संपताच प्रत्येक ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद जाहीर वाचला जावा आणि त्यावर आधारलेल्या पीकनिर्णयाला भूजल कायद्याचे पाठबळ मिळावे. सार्वजनिक खर्चाने मुरविलेल्या पाण्यात भूमिहीनाचा वाटा मान्य व्हावा. आणि शहरांनी आपल्या पाणीपट्टीतील काही अंश वरच्या पाणलोटातील गावांना, कृपा म्हणून नव्हे तर देणे म्हणून, द्यावा.

यातील पहिल्या तीन गोष्टींनी काही बलवान लोक नाराज होतील आणि चौथीने आमचे वाचकही कदाचित होतील. ती नाराजी पत्करल्याखेरीज हौदाचे गणित सुटणार नाही. बांध घालण्याचे काम यंत्रे आठ दिवसांत करतात. पाणी वाटून घेण्याचे काम माणसांनाच करावे लागते, आणि ते दरवर्षी नव्याने करावे लागते.