सोंग कीं अभ्यास?

इंग्रजीच्या तासाला शिक्षकांनीं "आज एकानें डॉक्टर व्हावें, दुसऱ्यानें रोगी व्हावें" असें म्हणतांच वर्गांत दोन तट पडतात. कांहीं मुलें हर्षानें हात वर करितात. उरलेलीं बांकाखालीं पेन्सिल शोधूं लागतात. घरीं ही हकीकत कळली म्हणजे कित्येक पालक विचारतात, "तासाला सोंगें कसलीं काढतां? व्याकरण केव्हां होणार?" या प्रश्नाचें उत्तर देणें आम्हांस आवश्यक वाटतें.

ही रीत नवी नव्हे. कोमेनियस या ख्रिस्ती धर्मगुरूनें १६५० ते १६५४ च्या दरम्यान हंगेरींत शारोशपटक येथील शाळेंत लॅटिनच्या पाठांचीं नाटकें रचून तीं विद्यार्थ्यांकडून करविलीं. विल्यम केरी यांचें मराठी व्याकरण १८०५ सालीं सेरामपूर येथें छापलें गेलें, तेव्हां त्यालाही नित्य व्यवहारांतील संवाद जोडलेले होते. कारण उघड आहे. व्याकरणानें वाक्य शुद्ध होतें. परंतु समोरच्या माणसास तत्काळ उत्तर देण्याची संवय कोणी प्रश्न केल्यावांचून लागत नाहीं.

मग मुलें मागें कां सरतात? तीं आळशी आहेत, असें आम्हीही एके काळीं समजत होतों. एकदां रोग्याचा मुलगा झालेल्या एका विद्यार्थ्यानें आईविषयीं बोलतांना 'शी' म्हणावयाचें तेथें 'ही' म्हटलें. मराठींत आईला 'ही'च म्हणतात, म्हणून जीभ तिकडे वळली. वर्ग हंसला, आणि आम्हीं त्याला तेथेंच थांबवून चूक सुधारली. त्या वर्षांत तो पुन्हां उभा राहिला नाहीं. चूक एका अक्षराची, शिक्षा मात्र वर्षाची झाली. आणि ती देणाऱ्यांत आम्हीही होतों.

तेव्हांपासून संवाद चालू असतां आम्ही मध्यें बोलत नाहीं. चुका कागदावर टिपून, कोणाचेंही नांव न घेतां, शेवटीं सर्वांस सांगतों. भित्र्या मुलाला प्रथम दोनच वाक्यांचें काम देतों. भूमिकेचा मोठा गुण हा कीं, चूक झाली तर ती त्या डॉक्टराची, आपली नव्हे, असा धीर मुलाला येतो. परंतु ऐकणारे हंसले कीं हा आडोसा क्षणांत कोसळतो.

म्हणून, विद्यार्थिमित्रहो, सोबत्याला हंसण्यापूर्वीं उद्यां आपली पाळी आहे हें स्मरा. पालकांसही आमची नम्र विनंति आहे कीं, मूल घरीं आल्यावर "आज किती चुकलास?" असें न विचारतां "आज कोण झाला होतास, आणि काय बोललास?" असें विचारावें.