नोंद आहे, पण व्हाउचर कुठे आहे?

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी पदव्युत्तर वर्गांत दोनच मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, बंदी घाला; दुसरा म्हणतो, आता ग्रंथालयाची गरजच उरली नाही. मला दोन्ही मते आळसाची वाटतात.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी खुले झाले. पाठोपाठ, लेखन विद्यार्थ्याचे की यंत्राचे हे ओळखू पाहणारी यंत्रेही निघाली. अशा सात यंत्रांची परीक्षा २०२३ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी घेतली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी स्वतः लिहिलेले ९१ निबंध त्यांनी तपासायला दिले. सरासरीने निम्म्याहून अधिक निबंध यंत्राचे ठरले! अमेरिकेतील आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे निर्दोष सुटले. कारण साधे आहे. पुढचा शब्द सहज ओळखता आला की ही यंत्रे संशय घेतात. आणि शिकून मिळवलेली इंग्रजी ठरावीक शब्दांचीच असते.

पुढील वर्षी मी आणि माझे अनेक वर्गबंधू एम.कॉम.ला जाऊ. मराठी वा कन्नड शाळेतून आलेले आम्ही साधी, सरळ इंग्रजी वाक्ये लिहितो. एवढ्यावरून प्रामाणिक लेखनावर बालंट यावे, हा न्याय नव्हे. ओपनएआय कंपनीनेही आपले असे यंत्र, अचूकता कमी म्हणून, जुलै २०२३ मध्ये मागे घेतले.

उलट, आम्हालाच या साधनाचा खरा उपयोग आहे. ‘डिफर्ड टॅक्स’वरचा इंग्रजी उतारा दोनदा वाचूनही उमगला नाही, तर तो मराठीतून समजावून घेण्यात लबाडी कसली? मात्र पैसे भरणाऱ्याला सरस सेवा आणि इतरांना तुटपुंजी, हा भेद आहे. म्हणून ग्रंथालयात सर्वांना सारखी सोय हवी.

मग मर्यादा कोणती? ती वाणिज्यशाखेने केव्हाच घालून दिली आहे : व्हाउचरशिवाय नोंद नाही. हे यंत्र नसलेले ग्रंथ आणि न झालेले खटले बेधडक सांगते. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये असे बनावट निवाडे न्यायालयापुढे ठेवणाऱ्या वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला. तेव्हा विद्यार्थ्याने प्रत्येक संदर्भ मूळ ग्रंथात पाहावा आणि यंत्राची मदत कुठे घेतली, ते प्रबंधिकेत स्पष्ट लिहावे.

प्राध्यापकांनाही एक विनंती. शंका आली तर यंत्राला विचारू नका; विद्यार्थ्याला समोर बसवून चार प्रश्न विचारा, आणि उत्तर मराठी, कन्नड वा इंग्रजी, त्याला जमेल त्या भाषेत देऊ द्या. ज्याने काम स्वतः केले आहे, त्याला त्याचा हिशोब कोणत्याही भाषेत देता येतो.