वांग्याच्या पर्णगुच्छामागचा उमेदवार



गेल्या हिवाळ्यात बोईसरजवळच्या एका वाडीत वांगी पाहायला गेलो होतो. मालकीणबाई म्हणाल्या, "साहेब, ही आठ झाडं बघा. सगळ्यांत हिरवीगार, पण वांगं एक नाही. दोनदा औषध मारलं." पाने तुळशीएवढी बारीक, फांद्यांचा नुसता झुपका. हा पर्णगुच्छ. आणि मारले होते बुरशीचे औषध! त्याने हा रोग हटणे शक्यच नाही.

पुष्कळ वर्षे हा विषाणूचा रोग समजत. 1967 साली जपानी शास्त्रज्ञांनी तुतीच्या अशाच रोगट झाडांच्या अन्नवाहिन्यांत पेशीभित्तिका नसलेले अतिसूक्ष्म जंतू पाहिले. आज त्यांना फायटोप्लाझ्मा म्हणतात. दुधाला विरजण लावले की जंतू वाढून दही होते. तसे पुष्कळ जंतू प्रयोगशाळेत खाद्य घालून वाढवता येतात. हा गडी मात्र तिथे रुजत नाही. स्वतःच्या गरजेच्या कितीतरी गोष्टी त्याला तयारच करता येत नाहीत. झाडाचा रस आणि तुडतुड्याचे अंग, एवढीच त्याची घरे.

आता बारशाची पंचाईत. जंतूला पक्के नाव द्यायचे तर त्याचे जिवंत वाण दोन देशांतील जंतुसंग्रहांत जमा करावे लागते. जो वाढतच नाही, त्याचे काय जमा करणार? 1994 साली यावर तोड सुचवली गेली: अशा नावाआधी 'कॅन्डिडेटस' लावावे. लॅटिनमध्ये याचा अर्थ उमेदवार. रोमन लोक निवडणुकीला उभे राहताना पांढराशुभ्र झगा घालीत, त्यावरून हा शब्द आला. (आपल्याकडेही कडक इस्त्रीशिवाय उमेदवारी नाही!) रोगट पानातले जनुकद्रव्य वाचून हा जंतू ओळखतात. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील शास्त्रज्ञांनी 2021 साली उसाच्या गवताळ वाढीच्या जंतूला असेच 'कॅन्डिडेटस फायटोप्लाझ्मा सॅकॅरी' हे नाव सुचवले. भारतात वांग्याच्या पर्णगुच्छात बहुधा 'ट्रायफोली' नावाच्या उमेदवाराच्या कुळातला जंतू सापडतो.

नाव कळून वाडीत काय उपयोग, असे बाईंनी विचारलेच. उपयोग एवढाच, की बुरशीनाशकाचे पैसे वाचतात. टेट्रासायक्लिन जातीच्या औषधाने झाड काही दिवस सुधारल्यासारखे दिसते, पण रोग जात नाही; खायच्या भाजीवर ते मारूच नये. आधी निंबोळी अर्क फवारून तुडतुडे कमी करावेत, मग रोगट झाड मुळासकट उपटून पुरावे. बांधावरचा धोतराही काढावा, कारण त्यातही हा जंतू राहतो.

"हिरवं झाड उपटायला हात होत नाही, साहेब," बाई म्हणाल्या. तरी सात उपटली. आठव्याला दोन फुले होती, म्हणून राखले. मीही फार आग्रह धरला नाही. धरायला हवा होता. दोन महिन्यांनी गेलो तेव्हा त्या झाडाला वांगे धरलेले नव्हते, आणि शेजारच्या ओळीत तीन नवे झुपके होते. ते त्याच झाडावरून आले की बांधापलीकडून, हे मला सांगता येणार नाही. बाईंनी मात्र मला काही न विचारता चारही झाडे त्याच दुपारी उपटली.